फिरकीचा तांब्या

सायकलवर घाट चढण्यात मजा असती असं जो कुणी म्हणतो, त्याला माझ्याम्होरं उभा करा. म्या त्याला वरंध्याचा घाट दाखवतो. एकदा न्हाय, कोकणाच्या बाजूनं दोनदा चढलोय म्या त्यो. दुसऱ्या टायमाला सायकल ढकलता ढकलता रडत व्हतो, आन् वरनं जाणारे ट्रकवाले हसत व्हते. हसू द्या त्यांना. त्यांना काय ठावं.

म्या बब्रुवान. तामलवाडीचा. गावच्या सोसायटीत कारकून. ही गोष्ट त्र्याहत्तर सालची, म्हंजे आता बारा-तेरा वर्षं झाली. पर आधी माझी खोड सांगतो, कारण सगळा घोळ तिथनंच सुरू झाला. एकदा जगाच्या सफरीला निघालेला एक सायकलवाला सोलापूर रोडवर आमच्या फाट्यावर थांबला व्हता. हँडलला पाटी, मागं वळकटी आन् पिशवीत एक जाडजूड वही. वहीत गावोगावचे शिक्के. आमच्या सोसायटीचा शिक्का म्याच मारला त्या वहीत, माझ्या हातानं. त्यो गेला निघून, पर माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. आपुन बी असंच जायाचं. लांब जायाचं. आमचा बालाघाटचा डोंगर म्हंजे काय, दम लागायच्या आत सपतो. खरा डोंगर चढायचा.

तर त्र्याहत्तर साल. दुष्काळ असा, की आडात पोहरा सोडला तर दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. रानात काम न्हाय, सगळं गाव खडी फोडायला. खायाला अमेरिकेतनं आलेला लाल मिलो जोंधळा आन् सरकारी सुकडी. पाण्याचा टँकर दोन दिसांनी यायचा, कवा चार दिसांनी. त्यात माझी आई हरणाबाई संक्रांतीपासनं अंथरुणाला खिळलेली. पोटात गाठ. सोलापूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाडवा बघतील असं वाटत न्हाय." म्या घरी येऊन कुणाला बोललो न्हाय, पर आईला सगळं कळायचं.

एक दिस दुपारी मला म्हणली, "बब्रू, मला ते पाणी पायजे."

"कुठलं पाणी, आई?"

"महाडचं. तळ्याचं."

आता ह्याची कथा म्या लहानपणापासनं ऐकत आलो व्हतो. आई धा वर्षांची असताना तिला आडाच्या लांब घागर ठिवून बसायला लागायचं. वरच्या आळीतली कुणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर लांबनं वतायची. न्हाय आलं तर घागर घिऊन माघारी. तिचा थोरला भाऊ धोंडीबा सोलापुरात मिलमधी कामाला. सत्तावीस साली त्यो महाडला गेला. बाबासाहेबांच्या मागं हजारो माणसं तळ्यात उतरली, वंजळीनं पाणी प्याली, त्यात माझा मामा एक. माघारी आल्यावर आई त्याला चिकटली, "दादा, कसं लागलं रं?" मामा म्हणला, "सांगून कळत न्हाय हरणे. प्यायलाच लागतं. तुला नेतो एक दिस." पुढं त्यो मिलमधीच खोकून खोकून मेला. नेणं राहिलं ते राहिलंच.

म्या म्हणलं, "आई, आपुन तीर्थबिर्थ कुठं मानतो?"

तशी ती पडल्या पडल्या माझ्यावर खेकसली. "तीर्थ कोण म्हणलं? पाणी म्हणलं म्या. छप्पन साली घरातले देव म्या माझ्या हातानं नदीला सोडले, तू मला शिकवतोस व्हय?"

आन् खरं सांगतो, त्याच वख्ताला माझ्या डोक्यातला किडा वळवळला. महाड म्हंजे घाटाच्या पल्याड.

गावातला सायकल दुकानवाला महालिंगप्पा, माझा जिगरी दोस्त. त्यो सायकलीचा चेन-काटा बघता बघता म्हणला, "बब्रुवान, यष्टीनं जा. तिसऱ्या दिशी माघारी येशील. म्हातारीचं काय सांगता येतंय का?" म्या त्याला मोठं तोंड करून सांगितलं, "तवाची माणसं काय यष्टीनं गेल्ती? पायी गेल्ती." हेच आईला बी सांगितलं. आई कसनुशी हसली. "तुझी सायकलची हौस माझ्या नावावर खपवू नगंस. जायचं तर जा. पर बेगीन ये."

यष्टीनं गेलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. हे वाक्य म्या ह्या बारा वर्षांत किती येळा मनात बोललो असंन, मोजलं न्हाय.

महालिंगप्पानं पंचरचं सामान दिलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडनं सलाईनची रिकामी काचेची बाटली आणली, रबरी बूच घट्ट बसणारी, पाणी आणायला. मला प्यायला म्हणून घरातला फिरकीचा तांब्या घेतला, फिरवून लावायच्या झाकणाचा, वर कडी असलेला. त्यो हँडलला अडकवला. चेअरमननं सोसायटीच्या कागदावर चिठ्ठी दिली, की सदर इसमास वाटेतल्या सोसायट्यांनी मुक्कामास जागा द्यावी. आन् एक वही. शिक्क्यांची.

बायको सत्यभामा निघताना म्हणली, "बाटली जपा." एवढंच. तिला माझी सफर पटली न्हवती. म्हातारीचं हगणंमुतणं ती काढत व्हती आन् म्या वहीत शिक्के गोळा करायला निघालो व्हतो.

सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, नातेपुते, फलटण, लोणंद, शिरवळ, भोर. सहा दिस. सोसायट्यांनी चांगलं सांभाळलं, खोटं कशाला बोलू. खताच्या पोत्यांवर झोपलो, भाकरी खाल्ली, शिक्के घेतले. एका गावात सचिवानं शिक्का मारला, मग आडनाव विचारलं, आन् मग त्याला एकदम आठवलं की गोदामाची किल्ली चेअरमनकडं हाय आन् चेअरमन गावाला गेलेत. यष्टी स्टँडवर झोपलो. त्याच्या आयला त्याच्या! पर शिक्का मिळाला व्हता ना, म्या त्यातच खूश. आता त्या वहीकडं बघितलं की माझीच मला लाज वाटती.

भोरच्या म्होरं खरा डोंगर सुरू झाला. सायकल बावीस इंची, जड, एकच गती. चढ आला की उतरायचं आन् ढकलायचं. आमच्याकडं गुरं पाण्यावाचून मरत व्हती आन् तिथं दऱ्यांमधी हिरवीगार झाडी. एका वळणावर खडकातनं पाणी झिरपत व्हतं, कुणी बघत न्हवतं, कुणी भरत न्हवतं, नुसतंच रस्त्यावरनं वाहून चाललेलं. म्या सायकल टेकवून बघतच राहिलो. लई राग आला, कुणाचा ते कळंना.

अठरा मार्चला दिस मावळायला महाड. तळ्यावर चार-दोन माणसं. पायऱ्या उतरलो, बाटली भरली, बूच दाबून बसवलं. घसा कोरडा पडला व्हता, समोर एवढं मोठं तळं. पर म्या ठरवलं व्हतं, पहिला घोट आईचा. तिच्या आधी आपल्या तोंडात न्हाय घालायचं. बाजूच्या हाटेलात जाऊन तिथलं पाणी प्यालो. मला वाटलं, केवढं मोठं काम केलं आपुन.

दुसऱ्या दिशी पहाटंच घाटाला लागलो. महाडच्या बाजूनं चढ म्हंजे नुसता काळ. सकाळपासनं ढकलतोय, ढकलतोय, तोंडाला फेस आला. दुपार कलल्यावर खिंडीत पोचलो. मागं बघितलं तर कोकण सगळं पायाखाली. आता निस्ता उतार, भोरपातूर. अंगात मस्ती आली. वर बसलो आन् सोडली सायकल. वारा कानात भरला, म्या वरडत चाललो लहान पोरावानी. आन् चौथ्या का पाचव्या वळणावर पुढच्या ब्रेकचा रबर निसटला.

पडलो ते सरळ गटारीच्या दगडांवर. गुडघा फुटला, कोपर सोलपटलं, पुढच्या चाकाचा वाकून आठ झाला. पर म्या आधी पिशवीत हात घातला. हात वला लागला. काचा न् पाणी. पिशवी पिळली तर थेंब थेंब मातीत पडलं, पिळता पिळता बोट कापलं. तिथंच रस्त्याच्या कडंला बसून राहिलो. काय करावं काय सुचंना. म्होरं गेलो तर आई सहा दिसांत दिसंल, पर हात रिकामे. मागं गेलो तर आणखी दोन दिस, आन् आईकडं दिस किती हायेत ते डॉक्टरनं सांगितलेलं. बराच येळ बसलो. एक बी गाडी थांबली न्हाय. मग उठून चाक दोन दगडांत घालून गुडघ्यानं दाबलं, जरा फिरायला लागलं, तसं तोंड फिरवलं. पुन्हा महाड.

दुसऱ्या दिशी वीस मार्च, बाबासाहेब तळ्यात उतरले त्यो दिस. तळ्यावर पाय ठिवायला जागा न्हाय. मुंबईची, नागपूरची, कुठनं कुठनं आलेली माणसं, बाया, कडेवरची लेकरं. सगळे पायरीवर बसून वंजळ भरतायत आन् पितायत. बाटली तर फुटलेली. मग म्या माझा फिरकीचा तांब्या घासूनपुसून तळ्यात बुडवला, काठोकाठ भरला, फिरकी गच्च आवळली. शेजारी एक म्हातारी पीत व्हती. तोंड पुसत म्हणली, "प्या की दादा. बघत काय बसलात?"

म्हणलं, "न्हाय मावशी. आधी आईला."

तिनं माझ्याकडं बघितलं. नातवाच्या तोंडाला वंजळ लावली.

येताना कसा आलो ते इचारू नका. गुडघा सुजून भोपळा. दुसऱ्यांदा घाट चढायला दोन दिस लागले, वाटेत एका झाडाखाली झोपलो. पुढच्या ब्रेकला चाक घासायचं म्हणून ब्रेकच काढून टाकला आन् उतारावर बी चालत आलो. आन् वर ही गंमत बघा. तांब्यात आईचं पाणी, त्यामुळं मला प्यायला भांडंच उरलं न्हाय. गावोगाव वंजळ पुढं करून पाणी मागायचं. घाट वलांडून म्होरं जावं तसतसं पाणी कमी. मोहोळच्या अलीकडं एका घरापुढं थांबलो, व्हट फुटले व्हते. दारातली बाई म्हणली, "अवो, तांब्या भरलेला लटकतोय की. आन् पाणी मागता?"

"ते आईचं हाय."

"मग तुमचं कुठं हाय?"

तिनं अर्धा पेला दिला आन् माझ्याकडं येड्याकडं बघावं तसं बघत आत गेली. म्या त्या अर्ध्या पेल्यावर सोलापूर गाठलं. वाटंत दहा येळा हात फिरकीवर गेला. दहा येळा काढून घेतला. रात्री झोपताना तांब्या पोटाशी घ्यायचो. शिक्के घ्यायचं कवाच सोडून दिलं व्हतं. एकच धास्ती, आई हाय का न्हाय.

सत्तावीस तारखेला भर दुपारी गावात शिरलो. फाट्यावर कुणीतरी सांगितलं, टँकर चार दिस झाले फिरकला न्हाय. म्या ऐकलं आन् न ऐकल्यासारखं केलं. दारात सायकल भिंतीला टेकवली आन् वरडलो, "सत्यभामे, आई?"

"हायेत," ती आतनं पळत आली. "सकाळधरनं तुमचीच वाट बघतायत."

दारातल्या दगडावर बसलो, पाठ भिंतीला लावली, डोळे मिटले. आई हाय. म्या पोचलो. डोकं भणभणत व्हतं, पर आतनं एवढं बरं वाटलं की सांगता येत न्हाय. तेवढ्यात आईचा आवाज आला, बारीक, पर हुकूम तसाच जुना. "सत्यभामे, उन्हातनं आलाय त्यो. तसाच आत घिऊ नगंस. आधी पायावर पाणी घाल त्याच्या, ऊन बाधंल."

आमच्याकडं ही रीतच हाय. लांबनं, उन्हातनं माणूस आलं की आधी पायावर पाणी. दुष्काळ असू दे न्हायतर काय बी असू दे, तांब्याभर तरी घालायचंच.

पायावर गार पाणी पडलं. तळव्याच्या फोडांवरनं, सुजलेल्या गुडघ्याखालनं, बोटांच्या फटीतनं. पंधरा दिसांत पहिल्यांदा जिवाला थंडावा वाटला. डोळे मिटूनच म्हणलं, "आणखी घाल."

तिनं आणखी घातलं.

आन् मग माझ्या टकुऱ्यात लख्ख झालं. टँकर चार दिस आला न्हाय. मग हे पाणी कुठलं?

डोळे उघडले. सत्यभामेच्या हातात फिरकीचा तांब्या. उपडा.

"काय केलंस!" म्या असा वरडलो की शेजारचं कुत्रं उठून पळालं. तिच्या हातनं तांब्या हिसकला. आत बोट घातलं, बोट नुसतं वलं झालं. खाली बघितलं तर दगडाच्या बुडाची माती काळी पडलेली, आन् बघता बघता तीबी सुकायला लागलेली. म्या दोन्ही हातांनी ती माती उकरली. कशाला उकरली, इचारू नका.

सत्यभामा पांढरीफटक पडली. "मला वाटलं, हे तुमचं वाटंतलं उरलेलं हाय. बाटली पिशवीत असंल. घरात आत्याबाईपुरतं दोनच पेले राहिलंय, त्याला हात कसा लावू?" बोलता बोलता तिला बी उमगलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चार दिस सोताच्या घशाला कोरड ठिवून तिनं म्हातारीसाठी ते दोन पेले जपले व्हते. शिव्या माझ्या तोंडापातूर आल्या आन् तिथंच मेल्या. द्यायच्या तर मला सोताला द्यायला पायजे व्हत्या.

"काय झालं रं?" आतनं आई.

आत गेलो. आई एवढीशी झाली व्हती, गोधडीखाली माणूस हाय का न्हाय कळू नये एवढी. डोळे तेवढे लखलखीत. म्या तिच्या उशाला बसलो.

"सांडलं, आई."

"सगळं?"

"सगळं. माझ्याच पायावर."

तिनं आढ्याकडं बघितलं. मग म्हणली, "म्याच घालाय लावलं की रं." आन् हसायला गेली तर खोकला आला. म्या पाठ चोळली. पाठीत नुसती हाडं.

खोकला थांबल्यावर तिनं माझा हात धरला. "जाऊ दे. रडू नगंस. तू तर प्यालास न्हवं? दादानं कवा सांगितलं न्हाय. तू सांग. कसं लागलं?"

म्या तिच्याकडं बघितलं. मला खोटं बोलता आलं असतं. जिंदगीत आईशी म्या काय कमी खोटं बोललोय? शाळा चुकवल्यावर बोललो, बिडी वढल्यावर बोललो. त्या दिशी एक वाक्य बोललो असतो, लई गोड लागलं आई, एवढंच, तर तिचं भागलं असतं. पर तिनं हात धरला व्हता.

"म्या प्यालो न्हाय, आई."

"आँ?"

"पहिला घोट तुझा म्हणून. दोनदा गेलो तळ्यावर. दोनदा बी प्यालो न्हाय."

ती चिडंल असं वाटलं. चिडली असती तर लई बरं झालं असतं. तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला, म्या दोन वर्षांचा असल्यागत.

"अरं येड्या," ती म्हणली, "तिथं माणसं प्यायला गेल्ती रं. भरून आणायला न्हाय."

आन् तिनं भिंतीकडं तोंड केलं. सत्यभामा दारात उभी व्हती. आमी तिघं बी पुन्हा त्या पाण्याबद्दल बोललो न्हाय.

आई पाडव्याच्या आदल्या दिशी गेली. शेवटचा घोट टँकरच्या पाण्याचा. सत्यभामेनं चमच्यानं घातला, निम्मा गालावरनं खाली आला.

पुढच्या सालच्या वीस मार्चला म्या यष्टीनं महाडला गेलो. दीड दिसात पोचलो. तशीच गर्दी, तशीच लेकरं कडेवर. पायऱ्या उतरलो, वंजळ भरली आन् प्यालो. मग आणखी एकदा प्यालो. धोंडीमामा खोटं बोलला न्हवता. तोंडातलं पाणी गिळलं आन् चटकन म्हणलं, "आई, हे बघ, असं लागतं."

शेजारची बाई वळून म्हणली, "काय म्हणलात, दादा?"

"काय न्हाय," म्हणलं, आन् तिला पुढं यायला जागा करून दिली.